शेतात औजारांसाठी शेड बांधायचंय? आखणीआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, औजारांची दोन शेड झाली. पहिलं घाईत बांधलं. उंची नऊ फूट आणि दार आखूड बाजूला. आत शिरलेली प्रत्येक वस्तू आधीच्या वस्तूच्या पुढे उभी राहायची. पेरणीच्या दिवशी वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आलेला असायचा आणि आम्ही पेरणी यंत्र काढण्यासाठी आधी ट्रॉली, मग रोटाव्हेटर, मग मळणीचा हडंबा बाहेर ओढत बसायचो. दुसरं शेड बांधताना एकच गोष्ट धरून चाललो: कोणतंही औजार काढताना दुसरं हलवावं लागू नये. त्यानंतर गावातली, पाहुण्यांतली बरीच मंडळी हेच शेड बघून प्रश्न विचारत आली. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. आमची जमीन मराठवाड्यातली भारी काळी आहे, त्यामुळे पायाबद्दल जरा जास्त लिहिलंय.

शेडची खरंच गरज आहे का? ताडपत्री टाकून भागणार नाही का?

महिना-पंधरा दिवस भागेल, वर्षानुवर्षं नाही. ताडपत्रीखाली जमिनीतली वाफ कोंडते आणि लोखंड उघड्यावर गंजतं त्याहून लवकर गंजायला लागतं. उन्हाचं नुकसान तर लगेच दिसतही नाही. टायरच्या कडांना बारीक भेगा, हायड्रॉलिकचे पाइप कडक होणं, पेरणी यंत्राच्या प्लॅस्टिक नळ्या ठिसूळ होणं, हे सगळं उन्हानेच होतं.

पैसे कमी असतील तर आधी कोणती औजारं सावलीत घ्यायची ते ठरवा. ट्रॅक्टर, पेरणी यंत्र, फवारणीचा पंप किंवा ब्लोअर, आणि पट्टे-बेअरिंग असलेला हडंबा यांना छप्पर हवंच. पल्टी नांगर, मोगडा, वखर यांचे फाळ पुसून जळकं ऑइल लावलं, तर ते शेडच्या मागच्या पडवीतही नीट राहतात.

माप कसं ठरवायचं? माझ्याकडे ५० एचपी ट्रॅक्टर, ट्रॉली, रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र आहे.

कागदावर ठरवू नका. टेप घ्या आणि आपलीच औजारं मोजा. आमचा ट्रॅक्टर लांबीला सुमारे १२ फूट आणि रुंदीला सहा फुटांच्या आत आहे. पण मागे रोटाव्हेटर जोडला की लांबी १६-१७ फूट होते आणि रुंदी रोटाव्हेटरची, म्हणजे सहा-सात फूट, धरावी लागते. ट्रॉली हुकापासून मागच्या फाळक्यापर्यंत १७ फूट भरते. २० फूट खोलीचं शेड बांधलं तर औजार मावतं, पण त्याच्या मागून-पुढून माणूस ग्रीस गन घेऊन फिरू शकत नाही. म्हणून आम्ही खोली २४ फूट घेतली.

रुंदीचा हिशोब गाळ्यांत करा. दोन खांबांमधला एक गाळा म्हणजे एका औजाराची जागा. दहा फुटांचा गाळा सात फुटी औजाराला पुरेसा वाटतो, पण संध्याकाळी थकलेला माणूस रिव्हर्स घेत असताना दोन्ही बाजूंना दीड फूट फार कमी पडतं. आमच्या जुन्या शेडच्या खांबांवर त्याच्या खुणा आहेत. १२ फुटांचा गाळा धरा. चार गाळे म्हणजे ४८ फूट लांबी आणि २४ फूट खोली. मध्यम शेतकऱ्याला हे माप पुरतं आणि एक कोपरा वर्कबेंचसाठीही उरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खड्डे खणण्याआधी जागेवर चुन्याची फक्की मारून खांबांच्या जागा दाखवा, तिथे बांबू रोवा आणि ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून प्रत्येक गाळ्यात खरोखर रिव्हर्स घ्या. शेडसमोर किती मोकळी जागा लागते ते तेव्हाच कळतं. ट्रॉलीसह वळायला आम्हाला समोर ४० फूट लागले. कागदावर आम्ही २५ धरले होते.

उंची किती ठेवायची?

पहिल्या शेडची नऊ फूट उंची आम्हाला सगळ्यात जास्त नडली. सायलेन्सरपर्यंत साधारण साडेसात फूट असलेला ट्रॅक्टर आत गेला, पण पुढे ट्रॅक्टरवर छत बसवल्यावर तो पत्र्याला घासू लागला आणि हडंबा तर कायम बाहेरच राहिला. उघड्या बाजूला १४ फूट आणि मागे १० फूट ठेवा. आज तुमच्याकडे हडंबा नसेल, पण शेड २५-३० वर्षं उभं राहणार आहे आणि त्या काळात औजारं बदलणार आहेत. खांब दोन फूट वाढवण्याचा खर्च बांधतानाच केला तर किरकोळ असतो. नंतर छप्पर उतरवून खांब वाढवणं म्हणजे जवळजवळ नवीन शेड.

दार कुठल्या बाजूला? शेड सगळीकडून बंद करायचं का?

लांब बाजू उघडी ठेवा. ४८ फुटांची बाजू पूर्ण मोकळी असेल तर चारही गाळ्यांत थेट जाता येतं. दार आखूड बाजूला असेल तर शेड म्हणजे एक बोगदा होतो.

आपल्याकडे पावसाळी वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पश्चिम आणि दक्षिण बंद, पूर्व उघडी, हे बहुतेक ठिकाणी जमतं. सकाळी काम करायला उजेडही मिळतो.

एका गाळ्याला मात्र भिंत आणि कुलूप हवंच. बॅटऱ्या, स्टार्टर, केबल, हत्यारं, फवारणीचे पंप त्यात ठेवा. दाराला सरकतं फाटक करायचं असेल तर ते वरच्या पट्टीवर टांगलेलं घ्या. खालच्या चाकांच्या खोबणीत पहिल्याच पावसात चिखल बसतो.

जागा कशी निवडावी?

उंचवट्यावर, पांदण रस्त्याला लागून आणि राहत्या घरातून दिसेल अशी. रस्त्याकडे नीट लक्ष द्या. शेड कितीही चांगलं असलं आणि जुलैत ट्रॅक्टर तिथून डांबरी रस्त्यापर्यंत येऊ शकत नसेल, तर ट्रॅक्टर पावसाळाभर गावात कोणाच्या तरी दारात उभा राहतो. वाट दुसऱ्याच्या बांधावरून असेल तर ती आधी पक्की करून घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे बांधावरून रस्ता मागता येतो.

विजेच्या तारांखाली शेड अजिबात नको. ११ केव्हीच्या तारेपासून इमारतीला आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर हा नियमातला किमान आकडा आहे. पण शेडजवळ कडब्याने भरलेली ट्रॉली येणार, तिच्यावर माणूस उभा असणार, कोणी लोखंडी पाइप उभा करणार. त्यामुळे तारांची ओळ दूरच राहू द्या.

शेतजमिनीवर शेड बांधायला एनए (अकृषिक परवानगी) लागतं का?

आपल्याच शेतीची औजारं ठेवायची असतील तर सहसा लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मध्ये शेतघराची जी व्याख्या आहे, तिच्यात शेतीची औजारं, खत, चारा आणि शेतमाल ठेवण्यासाठी बांधलेली इमारत येते. कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतात असं बांधकाम करता येतं. पण महापालिका-नगरपालिकांच्या हद्दीत आणि हद्दीलगत, प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात, तसंच लहान क्षेत्रावर त्याच कलमाने मर्यादा घातल्या आहेत आणि परवानगी घ्यावी लागते. गावठाणात बांधत असाल तर ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली पंचायतीची परवानगी हवी. राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग जवळ असेल तर रस्त्याच्या मध्यापासून किती अंतर सोडायचं ते बांधकाम विभागात विचारा.

त्याच शेडमध्ये दुकान, गॅरेज किंवा भाड्याचं गोदाम सुरू केलं की तो वापर शेतीचा राहत नाही आणि अकृषिकचा प्रश्न येतो. तलाठ्याकडे आणि ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन त्याची पोच ठेवा. तोंडी 'बांधा, काही होत नाही' यावर लाखो रुपये घालू नका.

सातबारा सामाईक आहे. भाऊ 'बांध' म्हणतो. चालेल का?

भावाचा आज होकार आहे याचा आनंदच आहे, पण शेड भावाच्या मुलांच्या काळातही उभं असणार. सामाईक गटात शेड बांधलं आणि पुढे वाटणीत ती जागा दुसऱ्याकडे गेली, तर लोखंड उचलता येतं. पाया आणि कोबा, म्हणजे खालची काँक्रीटची जमीन, उचलता येत नाही. संमतीने वाटप करायचं असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करता येतो. ते इतक्यात होणार नसेल तर निदान कोणत्या बाजूची किती जागा शेडसाठी, हे सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांनी लिहून ठेवा. बांधालगत बांधत असाल तर भूमि अभिलेखची मोजणी आधी करून घ्या. नंतरच्या मोजणीत खांब शेजाऱ्याच्या गटात निघाले तर एका शेडपायी दोन घरांचं बोलणं बंद होतं. आमच्या शिवारात हे झालेलं आहे.

काळ्या जमिनीत पाया कसा घ्यायचा?

काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये ज्या भेगेत हात जातो, तीच जमीन ऑगस्टमध्ये वर उचलली जाते. दोन-तीन फुटांवर ठेवलेला पाया या मातीबरोबर दरवर्षी वर-खाली होतो, मग खांब कलतात आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात.

म्हणून खड्डा मुरूम लागेपर्यंत घ्या. आमच्याकडे मुरूम साडेपाच फुटांवर लागला. खोदणारे चार फुटांवर थांबायला तयार होते आणि आम्हालाही मोह झाला होता, कारण नऊ-दहा खड्डे आणि प्रत्येकात दीड फूट जास्त म्हणजे काँक्रीट बरंच वाढतं. तरीही खाली गेलो आणि आज त्या शेडचा एकही खांब हललेला नाही. जिथे दहा-बारा फुटांपर्यंत काळीच माती आहे, तिथे उघड्या खड्ड्याचा हट्ट धरू नका. तिथे फुगीर बुडाचे पाइल, म्हणजे खोलवर नेलेले काँक्रीटचे खांब, घेतात. ही पद्धत रुडकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच मातीसाठी रुळवली आहे. त्यासाठी अभियंत्याकडून आराखडा काढून घ्या.

जोत्याखालची काळी मातीही काढून टाका, निदान दीड-दोन फूट. त्या जागी मुरूम भरा, सहा-सहा इंचांच्या थरात पाणी मारून आणि रोलर फिरवून. वाळू भरू नका. वाळूतून पाणी सरळ खाली काळ्या मातीत जाऊन बसतं. शेडभोवती तीन फुटांची उताराची फरसबंदी करा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरणार नाही.

वळवाच्या वाऱ्यात पत्रे उडतात. आपलं शेड त्यातून कसं वाचवायचं?

आमच्या पहिल्या शेडचे सात पत्रे एका मे महिन्याच्या संध्याकाळी उडाले आणि एक शेजारच्या हळदीच्या शेतात रुतलेला सापडला. तिथे कोणी माणूस नव्हता हे आमचं नशीब. तेव्हापासून हा हिशोब मी प्रत्येकाला करून दाखवतो.

भारतीय मानकाच्या नकाशात पुणे, नाशिककडे वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर धरला आहे, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर. मुंबई आणि नागपूरला तो ४४ मीटर आहे. ३९ मीटरचा वारा एका चौरस मीटरवर साधारण ९३ किलोचा दाब देतो. आणि अर्धा मिलिमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन? चौरस मीटरला साडेचार-पाच किलो. म्हणजे पत्रा स्वतःच्या वजनाने खाली राहणारच नाही. त्याला धरून ठेवायचं काम स्क्रू, पर्लिन (पत्र्याखालच्या आडव्या पट्ट्या), कैची (छपराचा लोखंडी सांगाडा), खांब आणि शेवटी पाया यांनी करायचं असतं.

तीन बाजू बंद आणि एक उघडी असलेल्या शेडला धोका जास्त, कारण उघड्या तोंडातून शिरलेला वारा आतून छपराला वर ढकलतो आणि वरून जाणारा वारा त्याला ओढतो. आमच्या मापात पुढच्या एका खांबाच्या वाट्याला १२ × १२ फूट, म्हणजे साधारण १३.४ चौरस मीटर छप्पर येतं. ९३ ने गुणलं तर जवळपास १,२५० किलो वर उचलणारं बळ. दोन-दोन-दोन फुटांच्या काँक्रीट ठोकळ्याचं वजन सुमारे ५४० किलो असतं. तीन-तीन-तीन फुटांचा ठोकळा १,८०० किलोच्या वर जातो. हा ढोबळ हिशोब आहे, अभियंता त्यात आणखी गुणक धरेल, पण दोन फुटी पाया का पुरत नाही हे यावरून दिसतं.

बाकीच्या गोष्टी अशा. स्क्रू रबरी वायसरचे आणि पत्र्याच्या उंच नळीवर बसवलेले असावेत. छपराच्या चारही कडांना आणि कोपऱ्यांत स्क्रू दाट लावा, कारण पत्रा तिथूनच सुटायला लागतो. कैच्यांना एकमेकींशी बांधणाऱ्या तिरक्या पट्ट्या वगळू नका. पैसे वाचवायचे म्हणून शेडवाले पहिल्यांदा त्याच काढतात. खांब काँक्रीटमध्ये नुसता पुरण्याऐवजी खाली प्लेट आणि फाउंडेशन बोल्ट घ्या.

पत्रा कोणता आणि उतार किती?

रंगीत प्रोफाइल पत्रा, जाडी ०.५० मिलिमीटर. हवी तेवढी लांबी कापून मिळते, म्हणून २७-२८ फुटांचा अखंड पत्रा घेऊन एकपाखी, म्हणजे एकाच बाजूला उतरणारं, छप्पर करता येतं. मध्ये जोड नाही म्हणजे गळती नाही. १४ फुटांवरून १० फुटांवर उतरताना २४ फुटांत चार फूट उतार मिळतो, म्हणजे सहाला एक, आणि तो पुरतो. प्रत्येक गाळ्यात एक पारदर्शक पत्रा घाला, दिवसा दिवा लागत नाही.

शेडवाला चौरस फुटावर एकच दर सांगतो. फसगत कशी टाळायची?

दराच्या कागदावर प्रत्येक पाइपची जाडी लिहून घ्या. कैचीला लागणारा दोन इंची गोल पाइप २.९ मिलिमीटर जाडीचा असेल तर मीटरला सुमारे ४.१ किलो भरतो आणि ३.६ चा असेल तर ५ किलो. २० फुटी नगामागे हा फरक २५ आणि जवळपास ३१ किलोचा होतो. डोळ्यांनी दोन्ही सारखेच दिसतात. गाडी खाली करताना दोन-चार पाइप काट्यावर टाका. मी हे शेडवाल्याच्या समोरच केलं आणि तो रागावला नाही. उलट पुढच्या गाडीच्या वेळी त्यानेच काटा मागितला. पत्र्याची जाडी आणि रंग लावल्यानंतरची जाडी वेगळी असते, तेही विचारा. सगळे पैसे आगाऊ देऊ नका; पाया, सांगाडा, पत्रा असे टप्पे पाडा.

खाली सगळीकडे कोबा करायचा का?

नको. केज व्हील (ट्रॅक्टरची लोखंडी जाळीची चाकं) आणि नांगराचे फाळ कोब्याचे तुकडे पाडतात. तीन गाळ्यांत दाबलेला मुरूम ठेवा आणि दुरुस्तीच्या एका गाळ्यात सोलिंगवर (दगडांच्या थरावर) पाच इंचांचं काँक्रीट घ्या. दर दहा फुटांवर सांधा आणि बाहेरच्या दिशेने शंभरला एक उतार.

खत, औषध, कडबा सगळं एकाच शेडमध्ये ठेवलं तर?

खत लोखंडाजवळ ठेवू नका. युरिया आणि पोटॅश हवेतलं पाणी ओढून घेतात आणि ते खारट पाणी शेजारच्या औजाराला व शेडच्या खांबालाही खातं. कीटकनाशकं कुलपात, मुलांच्या हातापासून उंच, आणि धान्य-पेंडीपासून वेगळ्या खोलीत. कडबा आणि सोयाबीनचं भुसकट तर या शेडमध्ये अजिबातच नको. इथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडणार आणि डिझेलचा ड्रम असणार. शिवाय ओलसर रचलेला कडबा आतून तापतो. कडब्याची गंजी शेडपासून निदान ५० फूट दूर रचा. भुसकटाबरोबर उंदीर येतात आणि ते ट्रॅक्टरच्या वायरी व ठिबकच्या नळ्या कुरतडतात. नळ्यांची बंडलं वर कैचीला टांगा.

विजेचं काय?

कृषिपंपाच्या जोडणीवरून वायर ओढू नका, महावितरणकडे वेगळी जोडणी मागा. वेल्डिंगसाठी स्वतंत्र सर्किट, गळती झाली की वीज तोडणारा स्विच आणि चांगलं अर्थिंग या तिन्ही गोष्टी हव्यात. ओल्या हातांनी आणि लोखंडात काम करण्याची ही जागा आहे. पुढे छपरावर सौर पॅनेल लावायचं मनात असेल तर शेडवाल्याला आत्ताच सांगा, कैची त्या वजनाने आणि वाऱ्याने धरावी लागते.

छपराचं पाणी साठवता येईल का?

एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. ४८ × २४ फूट म्हणजे १०७ चौरस मीटर. ८०० मिलिमीटर पाऊस धरला आणि थोडं वाया गेलं तरी वर्षाला ७० हजार लिटरच्या आसपास पाणी मिळतं. मागच्या बाजूला एकच पन्हाळ लागते. आम्ही हे पाणी गाळखड्ड्यातून विहिरीत सोडलंय. फवारणीसाठी पावसाचं पाणी उत्तम, म्हणून दोन हजार लिटरची एक टाकीही भरून घेतो.

अनुदान मिळतं का?

राज्य सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवरच्या कृषी यांत्रिकीकरणात अनुदान औजारांना आहे. कांदाचाळ आणि पॅक हाऊससाठी फलोत्पादन अभियानात वेगळ्या योजना आहेत, पण त्या घेऊन त्यात ट्रॅक्टर उभा करणं योग्य नाही. गावातल्या गटाने भाड्याने औजारं देणारी औजार बँक काढायची ठरवली, तर २०२० मध्ये सुरू झालेल्या कृषी पायाभूत सुविधा निधीचा विचार करा. त्यात दोन कोटींपर्यंतच्या कर्जावर सात वर्षं तीन टक्के व्याजसवलत आहे. कोणतीही योजना असो, पूर्वसंमती हातात येण्याआधी खरेदी करू नका.

कोकणात हाच आराखडा चालेल का?

पाया सोपा जाईल, छप्पर अवघड. जांभा पायाला पक्का असतो आणि भिंतीलाही तोच चिरा वापरता येतो. पण पाऊस अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहून जास्त, म्हणून उतार दुपटीने वाढवा आणि दुपाखी छप्पर करा. खाऱ्या हवेत साधा जस्ताचा पत्रा टिकत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा छपरांची काय दशा झाली ते तिकडच्या लोकांनी पाहिलंय. किनाऱ्यालगत बांधताना अभियंत्याचा आराखडा घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

बांधकाम केव्हा सुरू करावं?

दिवाळीनंतर, रब्बीची पेरणी उरकली की. जमीन खणण्याजोगी असते आणि पायाच्या काँक्रीटवर पाणी मारत राहायला वेळ मिळतो. पत्रे मार्चअखेर चढलेच पाहिजेत. एप्रिलपासून वळीव केव्हाही येतो आणि अर्धवट स्क्रू मारलेलं छप्पर तो पहिलं उचलतो.

शेड झालं. औजारं कशी लावायची?

हंगामाच्या क्रमाने. जूनमध्ये पेरणी यंत्र रस्त्याकडच्या गाळ्यात, ऑक्टोबरमध्ये तिथे हडंबा. रोटाव्हेटर आणि पेरणी यंत्र लाकडी ठोकळ्यांवर अशा उंचीला ठेवा, की ट्रॅक्टर मागे घेतला की त्याचे खालचे दोन्ही लोखंडी हात औजाराच्या पिनांसमोर येतील. ठोकळ्यांच्या जागा जमिनीवर रंगाने आखा. आमचा सालगडी आता एकटाच, कोणालाही हाक न मारता, रोटाव्हेटर जोडतो. हंगाम संपल्यावर हडंब्याचे पट्टे काढून आत टांगा, ट्रॅक्टर बरेच दिवस उभा राहणार असेल तर बॅटरीची एक वायर सोडा, आणि लिफ्टवर उचललेलं औजार कधीही रात्रभर तसंच ठेवू नका, खाली टेकवूनच चावी काढा.